हातांसाठी एक स्लॉट

निमोण्यात आमच्या घरी लँडलाइन फोन आला, त्या आठवड्यात घरातल्या प्रत्येकाने तो कानाला लावून पाहिला. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, काही काम नसताना सोसायटीच्या दोन-तीन संचालकांना फोन केले. दादाने मित्रांना केले. नवीनच लग्न होऊन आलेल्या वहिनीने माहेरी केला आणि बोलून झाल्यावर पदराने डोळे पुसले. माझ्या हातात मात्र कोणी रिसीव्हर दिला नाही. त्यात दुष्टपणा नव्हता. मी आठ वर्षांची असताना मेंदूज्वरात माझे दोन्ही कान गेले होते. हिला फोन देऊन काय उपयोग, हा प्रश्नसुद्धा घरात कोणाला पडला नव्हता. मला पडला होता.

कान गेले तोवर मला मराठी येत होती, त्यामुळे बोलणं राहिलं. आवाज मात्र माझ्या ताब्यात नाही. कधी तो नको तिथे मोठा निघतो, कधी अगदीच सपाट निघतो, असं लोकांच्या चेहऱ्यावरून कळतं. या लेखात जी बोलणी आहेत ती मी ओठांवरून वाचलेली आहेत. मोठ्या मिशा असलेल्या माणसांचं निम्मंच कळतं. ते इथे निम्मंच आलं असेल.

पुण्यात बहिऱ्या मुलामुलींच्या निवासी शाळेत मी शिकले. तिथे माझी मैत्रीण भेटली. ती दौंडची, जन्मापासून बहिरी. तिचे वडील स्टेशनजवळ शिंपीकाम करायचे. मी त्यांना चाचा म्हणू लागले ते शेवटपर्यंत. शाळेत हातवारे करायला बंदी होती. ओठ हलवा, आवाज काढा, असं सारखं चाललेलं असे, आणि कोणी हात उचलला की बाई छडी टेबलावर आपटून म्हणायच्या, "हात खाली." छडीचा आवाज आम्हाला येत नसे, पण टेबल हललेलं कळायचं. बाईंची पाठ वळली की वर्गभर हात सुरू. त्यात माझ्या मैत्रिणीसारखे हात कोणाचेच नव्हते. वसतिगृहातली स्वयंपाकीण भाजी वाढताना डाव कसा अर्ध्यावर थांबवते, एवढीच गोष्ट ती सांगायची, पण जेवणाची अख्खी रांग हसून वाकडी व्हायची. मी ही भाषा तिच्याकडून शिकले, आणि माझ्या आयुष्यात कान गेल्यानंतर पहिल्यांदा मला गप्पा मारता आल्या.

दहावी झाली. ती दौंडला गेली, मी निमोण्याला आले. मध्ये एस.टी.चा अर्ध्या दिवसाचा रस्ता आणि न्हावऱ्याला गाडी बदलणं. आम्ही एकमेकींना पत्रं लिहायला लागलो. मी चार-चार पानं लिहायची. तिचं पत्र यायचं: मी बरी आहे. तू बरी आहे का. अब्बा बरे आहे. मी कपडे शिवते. हे तीच लिहिते यावर माझा विश्वास बसायचा नाही. लिहिलेली मराठी तिची नव्हतीच. ती शाळेने तिच्यावर घातलेली होती, मापाला न बसणाऱ्या कपड्यासारखी.

पुढे मला रांजणगावच्या एमआयडीसीत नोकरी लागली. आमच्या कारखान्यात सर्किट बोर्ड तयार व्हायचे. लाईनवर माझ्यासारखे आणखीही काही जण होते. आमचं कामावरून लक्ष उडत नाही, म्हणून आम्ही कंपनीला आवडायचो. पहिला पगार हातात आला तेव्हा मला आप्पांनी विचारलं, "काय घेनार गं?" मी म्हटलं, मोबाईल. आप्पा हसले. मी हसत नव्हते. "घरात एक फोन हाय की," एवढंच म्हणाले.

"तो तुमचा आहे," मी म्हटलं.

इनकमिंगचे पैसे लागायचे नुकतेच बंद झाले होते आणि शिरूरच्या बाजारपेठेत दर दोन दुकानांआड मोबाईलचं दुकान निघालं होतं. दादा माझ्याबरोबर आला. दुकानदाराने माझ्याशी दोन शब्द बोलून पाहिले, माझा आवाज ऐकला आणि त्यानंतर तो फक्त दादाशी बोलला.

"आवो, ह्यांना ऐकू येत न्हाई ना? मग फोन कशाला?"

"मेसेजसाठी," दादा म्हणाला.

"मग कार्ड तुमच्या नावावर टाकतो."

"माझ्या नावावर," मी म्हटलं. आवाज मोठा निघाला असणार, कारण शेजारच्या गिऱ्हाइकाने वळून पाहिलं. मला त्याची लाज वाटली नाही. मी ओळखपत्र काचेवर ठेवलं आणि तो लिहीपर्यंत त्यावरचं बोट काढलं नाही. शेवटी त्याने सवयीने विचारलं, "टॉकटाईम कितीचा टाकू?" मग त्याचा त्यालाच तो शब्द खटकला असावा, कारण त्यानंतर त्याने मान वर केली नाही. मी विचारलं, बोलायचं सोडून नुसत्या मेसेजचं काही मिळतं का. तसलं काही येत न्हाई, तो म्हणाला. म्हणजे मी कधीच न करणाऱ्या बोलण्याचे पैसे भरायचे आणि त्यातून मेसेज काढायचे. मी भरले.

चाचांनीही तिला फोन घेऊन दिला. नात्यातल्या कोणी म्हणालं, पोरीच्या हातात मोबाईल कशाला. चाचांनी त्यांना काय सांगितलं ते मला नंतर तिने करून दाखवलं: चाचांनी आपले दोन्ही कान धरले, मग तिच्या कानाकडे बोट दाखवलं, आणि म्हणाले, तुमच्या पोरींना हाका मारता येतात, माझ्या पोरीला नाही, म्हणून.

आता आम्ही दोघी मेसेज करू लागलो, इंग्रजी अक्षरांत मराठी. मला वाटलं होतं, आता सगळं सुटलं. पण तिचे मेसेज पत्रांहून लहान निघाले. Mi bari. Tu bari. मग तेही कमी झाले. मी विचारायची, रागावलीस का. उत्तर यायचं, nahi.

एका सुट्टीच्या दिवशी मी सरळ दौंडची गाडी धरली. चाचांचं दुकान लहान होतं, दोन शिलाई मशीनं आणि मध्ये चालायला एक माणूस मावेल एवढी जागा. ती दुसऱ्या मशीनवर होती. मला पाहिल्याबरोबर तिने कापड सोडलं आणि तिचे हात सुरू झाले, आणि वर्षभराचं सगळं, कोणाचं लग्न झालं, कोणी लेहेंग्याचे पैसे बुडवले, कोणाला कंबर वाढलेली कबूल नाही, हे तिने एका दमात सांगितलं. मी हसून हसून खाली बसले. चाचा माझ्याशी मुद्दाम सावकाश मराठीत बोलायचे. ते म्हणाले, "बेटा, हिचा फोन दिवसभर कात्रीशेजारी पडलेला असतो. तू पाठवलेलं येतं, ही बघते, आणि परत ठेवते."

मी तिला विचारलं, हे सगळं मला का कळवत नाहीस.

ती हातांनी म्हणाली, "तुला लिहिता येतं. मी लिहायला बसले की मला बाई आठवतात. हा फोनही तेच म्हणतो. हात खाली."

परतीच्या गाडीत मी खिडकीला डोकं टेकून बसले होते आणि मनात एकच विचार होता. फोन सगळ्यांना आपापल्या भाषेत बोलू देतो. आप्पा बोलतात तसे बोलतात, वहिनी माहेरच्या बोलीत बोलते. मला लिहिता येतं म्हणून मला मेसेज पुरतो. तिला मात्र तिची भाषा सोडून यावं लागतं. याला मी फोन म्हणणार नव्हते.

उपाय कँटीनमध्ये सापडला. आमच्याकडे एक टेस्टिंग इंजिनीअर होता, दूरच्या जिल्ह्यातला, घर सोडून राहणारा. एके दिवशी जेवताना तो फोनकडे बघून हसत होता. मी वाकून पाहिलं. पोस्टाच्या तिकिटापेक्षा थोड्या मोठ्या चित्रात त्याची लहान मुलगी हात हलवत होती. हात हलत होता, हे मी पाहिलं. बाकी काही पाहिलं नाही.

"हे कसं आलं?"

"बायकोने पाठवलं. जीपीआरएसवरून, म्हणजे फोनमधल्या इंटरनेटवरून." मला नीट समजावं म्हणून तो ताटापासून बाजूला सरकला आणि चेहरा माझ्याकडे करून सांगू लागला. फोन लावला की दोन्ही टोकांमध्ये एक लाईन धरून ठेवावी लागते, कोणी बोलो न बोलो. यात तसं नाही. क्लिप असो की अक्षरं, त्यांचे लहान लहान तुकडे होतात, जागा मिळेल तसे ते एकेक करून निघतात आणि पलीकडच्या फोनमध्ये परत जोडले जातात. पैसेही किती वेळ लागला त्याचे नाही, किती माल गेला त्याचे.

"बोलावं लागत नाही?"

"बोलण्याचा संबंधच नाही."

मी दोन महिने जेवणाचे डबे घरूनच नेले, चहा सोडला, आणि कॅमेऱ्याचा फोन घेतला. चाचांनी तिच्यासाठी कोणाचा तरी वापरलेला मिळवला. आता फक्त जीपीआरएस सुरू करून घ्यायचं होतं. त्यासाठी कस्टमर केअरला फोन करायचा, आणि ज्याच्या नावावर कार्ड आहे त्याने स्वतः बोलायचं.

ज्यांना बोलता-ऐकता येत नाही त्यांना सगळ्यांत जास्त उपयोगी पडेल ती गोष्ट सुरू करायला आधी बोलायचं होतं. मी वहिनीला सांगितलं तेव्हा तिने पदर खोचला. "वन्सं, तुमी बोला, ऐकती मी."

ओसरीवर आम्ही दोघी बसलो. फोन स्पीकरवर टाकून वहिनीने आमच्या दोघींच्या मध्ये धरला. तिच्या बोटांच्या खुणा ठरल्या होत्या: कपाळाला बोट म्हणजे नाव सांगा, मनगटाला म्हणजे जन्मतारीख, जमिनीला म्हणजे पत्ता. आधी बराच वेळ ती नुसती आकडे दाबत राहिली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "मशीन बोलतंय." मग नाव सांगा असं पुटपुटत तिने कपाळाला बोट लावलं. मी नाव सांगितलं. मनगट. जन्मतारीख सांगितली. तेवढ्यात वहिनीचा चेहरा बदलला.

"म्हंतोय, शेजारून कोन सांगतंय. असं चालत न्हाई." आणि फोन कट झाला होता.

आम्ही परत लावला. परत मशीन, परत नाव. या वेळी दुसरा माणूस होता. वहिनी म्हणाली, "म्हंतोय, मॅडम, नीट बोला, आवाज कळत न्हाई."

मी फोनच्या तोंडाशी गेले आणि म्हटलं, "माझा आवाज हाच आहे. तुम्ही नीट ऐका."

वहिनी हसायला लागली, तिचे खांदे हलताना दिसले. त्यानेही फोन ठेवला. त्या दिवशी आम्ही इतक्यांदा फोन केला की वहिनीला मशीनचं सगळं बोलणं पाठ झालं. कोणी सुरू करून दिलं नाही. आप्पा दारातून हे सगळं बघत होते. शेवटी ते आत गेले आणि माझ्यासाठी पाणी घेऊन आले. आप्पांनी मला पाणी आणून दिलेलं मला त्याआधीचं आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून शिरूरला मोबाईल कंपनीच्या गॅलरीत, म्हणजे त्यांच्या दुकानात, गेले. काउंटरवरच्या मुलाने माझी गोष्ट ऐकून घेतली आणि म्हणाला, "मॅडम, आपल्याकडं जीपीआरएस कोन वापरत न्हाई. ते पुन्यात चालतं."

"मी वापरणार आहे."

"त्यासाठी कस्टमर केअरला—"

"तुम्ही लावा. तुमचं ते ऐकतील."

"माझ्याकडून होत न्हाई ते."

मी त्याच्यासमोरच्या खुर्चीवर बसले. त्याने दुसऱ्या गिऱ्हाइकाला बोलावलं, पण खुर्ची एकच होती. तो काउंटरमागून काही म्हणत असेल तर मला ऐकू येत नव्हतं, आणि मी त्याच्या ओठांकडे पाहत नव्हते. बहिरेपणाचा हा एक फायदा आहे आणि तो मी त्या दिवशी पुरेपूर घेतला. रांग वाढली. शेवटी त्याने आपल्या फोनवरून कोणाशी तरी बराच वेळ बोलून घेतलं आणि माझ्यापुढे कागद सरकवला: झालं आहे, फोनवर सेटिंग येईल. "माझ्या मैत्रिणीचंही," मी म्हटलं, आणि दौंडचा नंबर लिहून दिला. त्याने माझ्याकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं आणि पुन्हा फोन उचलला.

निमोण्याच्या टॉवरवर जीपीआरएस नव्हतंच. स्क्रीनवर त्याची खूण यायची नाही. रांजणगावात होतं, कारखान्यांमुळे. दौंडला होतं. म्हणून मी कारखान्याच्या गेटबाहेर, पानाच्या टपरीमागे उभी राहून तिची पहिली क्लिप उतरवून घेतली. पट्टी हळूहळू भरत गेली. मग ती दिसली, पण डोकं कापलेलं, कारण फोन चाचांनी धरला होता. हात मात्र पूर्ण होते. कंबर वाढली नाही असं ठणकावणारं तेच गिऱ्हाईक पुन्हा आलं होतं. तिने टेप लावली, टेप पुरेना, आणि त्याने टेपलाच नावं ठेवली. एवढीच गोष्ट. चित्र अडखळत चालायचं, हात भरभर हलले की धुरासारखे पुसट व्हायचे. पण ती तीच होती, पुण्याच्या वसतिगृहातली. मी एकटी टपरीमागे हसत होते आणि कंपनीच्या बसची वाट बघणारी माणसं माझ्याकडे पाहत होती. पाहू दे म्हटलं.

हळूहळू आम्ही शिकलो. ती पांढऱ्या भिंतीपुढे गडद कपडे घालून उभी राहू लागली, हात सावकाश चालवू लागली. मी कँटीनच्या मागच्या भिंतीपाशी उत्तर द्यायची. लाईनवरच्या बाकीच्यांनी पाहिलं आणि त्यांनीही जमेल तसे फोन घेतले.

पण शिफ्ट सुटली की क्लिप यायची नाही. पट्टी अर्ध्यावर थांबायची, मग फोन लिहायचा, पुन्हा प्रयत्न करा. माझा मोकळा वेळ नेमका तोच होता. आधी आम्ही ते चालवून घेतलं.

मग एका दिवशी चाचांच्या छातीत दुखायला लागलं. शेजाऱ्यांनी त्यांना दौंडमध्येच दवाखान्यात नेलं. तिथले लोक शेजाऱ्यांशी बोलत होते, तिला सोडून सगळ्यांशी. तिने दवाखान्याच्या व्हरांड्यात उभं राहून मला क्लिप केली, मग आणखी एक केली. माझी शिफ्ट सुटली होती, मी गेटबाहेर उभी होते, आणि माझ्या फोनवर अर्धी पट्टी भरायची आणि थांबायची. शेवटी तिचा मेसेज आला: abba dawakhana. कोणत्या दवाखान्यात, काय झालं, काही नाही. मी विचारत राहिले, उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मी गेले. चाचा उठून बसले होते, चहा मागत होते. ती माझ्यावर रागावली होती.

"मी तुला सगळं सांगितलं," ती हातांनी म्हणाली. "हात दुखेपर्यंत सांगितलं. कुठे गेलं ते?"

हाच प्रश्न मी इंजिनीअरला विचारला. त्याने टेबलावर बोटाने आठ चौकोन काढले. टॉवरवरच्या एका रेडिओत असे आठ स्लॉट, म्हणजे आठ जागा, असतात, म्हणाला. एक टॉवरच्या स्वतःच्या कामासाठी. साधे मेसेज त्यातूनच निसटून जातात. बाकीचे कॉलसाठी. कॉल नसेल तेव्हा त्या रिकाम्या स्लॉटमधून जीपीआरएस चालतं. कॉल आला की जीपीआरएसने जागा सोडायची. शिफ्ट सुटली की रांजणगावातला प्रत्येक माणूस घरी फोन लावतो.

"म्हणजे बोलणारे आधी."

"तसंच ठरवलेलं असतं."

"कोणी ठरवलं?"

"मोबाईल कंपनीने," तो म्हणाला. मी विचारलं, एखादा स्लॉट फक्त डेटासाठी, म्हणजे जीपीआरएससाठी, राखून ठेवता येत नाही का. तो म्हणाला, "येतो. सेटिंग आहे. पण कंपनी कशाला ठेवेल? कॉलमध्ये पैसा आहे."

मला ते ऐकून वाईट वाटायला हवं होतं. उलट हायसं वाटलं. पावसासारखा आकाशातला प्रकार असता तर काही करता आलं नसतं. हे कोणीतरी ठरवलेलं होतं, आणि ठरवलेलं बदलता येतं.

आम्ही लाईनवरच्या सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज मोबाईल कंपनीला पाठवला. उत्तर आलं नाही. परत पाठवला. मग इंजिनीअरनेच सांगितलं, की त्या मोबाईल कंपनीचे नेटवर्कचे साहेब रांजणगावात येणार आहेत, हायवेवरच्या हॉटेलात, कारखान्यांच्या मॅनेजर लोकांना डेटाची माहिती द्यायला. मी दौंडला क्लिप पाठवली. मैत्रीण आली. लाईनवरचे तिघे आले.

हॉटेलच्या दारात गार्डने हात आडवा केला. यादीत नाव असेल तरच आत, असं तो मला समजावत होता. तोवर माझी मैत्रीण त्याच्या शेजारून सरळ आत गेली. तो तिला हाका मारत राहिला. मी म्हटलं, "तिला ऐकू येत नाही. थांबा, मी बोलावून आणते." आणि आम्ही सगळे आत गेलो.

साहेब पडद्यावर चित्रं दाखवत होते. ओठ स्वच्छ, मिशी नाही, मला जवळजवळ सगळं कळत होतं. पुढचा काळ डेटाचा आहे, असं ते सांगत होते. काही शंका असतील तर विचारा, म्हणाले, तेव्हा माझी मैत्रीण उठून थेट पडद्यापुढे गेली आणि प्रोजेक्टरच्या उजेडात तिने हात उचलले. साहेबांनी गोंधळून इकडेतिकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"या काय म्हणतायत?"

"त्यांच्याकडे बघा," मी म्हटलं. "मग सांगते."

मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मी एकेक वाक्य आवाजात आणू लागले. तुम्ही म्हणता डेटा पुढचा काळ आहे. माझा तो आजचा आहे. माझे हात त्यावरून जातात. माझ्या वडिलांना दवाखान्यात नेलं तेव्हा मी बोलले, आणि तुमच्या टॉवरने मला बाजूला काढून दुसऱ्याला जागा दिली. त्या दुसऱ्याला कदाचित घरी भाजी काय केली एवढंच विचारायचं असेल.

साहेब समजुतीने बोलले. "मॅडम, व्हॉइस ही आमची मूळ सेवा आहे. कॉल लागला नाही तर लोक ओरडतात."

तिने माझ्या हातांवरून ते वाचलं आणि लगेच उत्तर दिलं. मी ते जसंच्या तसं सांगितलं: "आम्ही ओरडत नाही, म्हणून आम्हाला शेवटी ठेवलं का?"

मग मागच्या ओळीतले एक वयस्कर गृहस्थ, कारखान्यांना बसगाड्या पुरवणारे, काहीतरी म्हणाले. त्यांना मिशा होत्या, मला फक्त "बरोबर हाय" एवढं दिसलं.

साहेबांनी मला विचारलं, "तुम्ही असे एकूण किती जण आहात?"

"किती असले म्हणजे चालेल?" मी विचारलं.

त्यांनी आपलं कार्ड दिलं, बघतो म्हणाले. बाहेर आल्यावर मैत्रीण म्हणाली, "बघतो म्हणाला, पण माझ्याकडे बघायलाही त्याला सांगावं लागलं."

पुढे काही आठवडे काहीच झालं नाही. मग एका संध्याकाळी शिफ्ट सुटली, बसेस लागल्या, सगळ्यांचे फोन कानाला गेले, आणि माझ्या फोनवरची पट्टी सरकत राहिली. फार हळू, पण थांबली नाही. क्लिपमध्ये चाचा दुकानात परत बसले होते आणि ती त्यांना मशीनवरून उठवू पाहत होती. इंजिनीअरने नंतर आपल्या टेस्टिंगच्या फोनवर बघून सांगितलं, एक स्लॉट डेटासाठी बांधलाय. आमच्यामुळे बांधला की कोणा मॅनेजरला ईमेल हवी होती म्हणून, हे मला आजही माहीत नाही. आम्हाला कोणी कळवलं नाही. मीही आभाराचं पत्र लिहिलं नाही.

तो स्लॉट पुढच्या दिवाळीत काढून घेतला गेला. कॉलची गर्दी, दुसरं काय. आम्ही थेट पुण्याच्या ऑफिसात गेलो, या वेळी वहिनीसुद्धा आली आणि इतर गावांतले आमच्यासारखे बरेच जण, ज्यांना मैत्रिणीने क्लिपा पाठवून बोलावलं होतं. लिफ्टजवळची जागा आमच्या हातांनी भरून गेली. स्लॉट परत मिळाला. निमोण्याच्या टॉवरवर डेटा सुरू व्हायला मात्र त्यानंतर आणखी बराच काळ गेला, आणि तोवर मी रोज घरी पोहोचले की माझा फोन मुका व्हायचा. ग्रामीण भागात मागणी नाही, असं दर वेळी सांगत. मी दर वेळी म्हणायची, मी मागते आहे ना.

दशक संपता संपता थ्रीजीची बोलणी सुरू झाली. समोरासमोर बघून बोलता येणार, क्लिप करून पाठवायची आणि वाट बघायची गरज नाही. आम्ही पुन्हा पुण्याच्या ऑफिसात गेलो. तिथल्या नवीन बाईंनी आम्हाला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं आणि सांगितलं की पहिल्यांदा ते पुण्यात येईल. तुमच्या भागाचं अजून ठरलेलं नाही. हवं तर तुम्ही पुण्यात येऊन वापरू शकाल.

मैत्रिणीने खुर्ची मागे सारली आणि उभी राहिली. या बाई न सांगता तिच्याकडे बघत होत्या.

"आम्ही यायचं नाही," मैत्रिणीचे हात म्हणाले, आणि मी आवाज दिला. "तुम्ही दौंडला या. तिथे काय लागतं ते आम्ही दाखवतो."

बाईंनी तारीख विचारली.